पडद्यावरचे मुलूख : किती मोठे, किती वेगळे?

सफरनामा म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे इस्तंबूल, कैरो, समरकंद, नाहीतर आपले बिदर-विजापूर येते. या वेळची सफर जरा निराळी आहे. तिला तिकीट लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. घरातील मुले रोज या मुलखांत जाऊन येतात आणि आपण दारातूनच "पुरे आता" म्हणून परत फिरतो. गाड्यांच्या शर्यतीचे जे खेळ संगणकावर आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर खेळले जातात, त्यांतील काही खेळांत ठरलेली गोल धावपट्टी नसते. एक संपूर्ण प्रदेश मोकळा दिलेला असतो, जिकडे वाटेल तिकडे गाडी न्यावी. अशा खेळांना 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. आमच्या भाच्याच्या आणि शाळेतील मुलांच्या सोबतीने आम्ही गेले वर्षभर हे प्रदेश फिरलो. त्याचा हा वृत्तांत.

मुलांमध्ये वाद एकच असतो : कोणत्या खेळाचा नकाशा मोठा? नकाशा हा शब्द अरबीतील 'नक्श'वरून आला. नक्श म्हणजे रेखाटणे, कोरणे. मोठा म्हणजे काय, हे ठरवायचे तर आधी माप ठरवावे लागते, आणि या खेळांत मापे चार आहेत. पहिले क्षेत्रफळ, दुसरे रस्त्यांची एकूण लांबी, तिसरे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला लागणारा वेळ आणि चौथे प्रमाण, म्हणजे खऱ्या जमिनीच्या मानाने खेळातील जमीन किती आक्रसलेली आहे. चारही मापांत पहिला येणारा खेळ आम्हाला आढळला नाही.

शिकागो, १९९९

आमच्या पिढीला या मोकळ्या रस्त्यांची ओळख सायबर कॅफेत झाली. १९९९ साली आलेल्या 'मिडटाउन मॅडनेस'मध्ये अमेरिकेतील शिकागो शहर होते. आजच्या मानाने नकाशा लहान आणि इमारती खोक्यांसारख्या. पण नदीवरचे पूल मधोमध उघडत, डोक्यावरून लोहमार्ग जाई आणि फुटपाथवरची माणसे गाडी अंगावर येताच उडी मारून बाजूला होत. कोणीही चाकाखाली येत नसे. त्या शहरात सिअर्स टॉवरही होता. १९७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या या ११० मजली इमारतीची रचना ढाक्यात जन्मलेल्या फजलुर रहमान खान या अभियंत्याने केली. आता तिचे नाव विलिस टॉवर आहे. इतक्या उंच इमारतीला वाऱ्यात ताठ उभे राहता यावे म्हणून त्यांनी अनेक चौकोनी नळ्या एकत्र बांधल्यासारखी रचना योजली. वर्गात हे सांगितले तेव्हा मुलांनी तो जुना खेळ शोधून काढला, फक्त ती इमारत पाहण्यासाठी.

एकच बेट, दोन मापे

प्रमाण म्हणजे काय, हे समजायला हवाईमधील ओआहू बेटासारखे उदाहरण नाही. पॅसिफिक महासागरातील हे बेट सुमारे १,५४५ चौरस किलोमीटरचे आहे. होनोलुलू शहर आणि वायकिकीचा किनारा याच बेटावर. २००६ साली फ्रान्समधील लियाँ शहरातील ईडन गेम्स या कंपनीने 'टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड' काढला, तेव्हा उपग्रहाच्या माहितीवरून हे बेट जवळजवळ खऱ्या मापात उतरवले. सुमारे १,६०० किलोमीटरचे रस्ते. शहरातून निघून उत्तर किनाऱ्याला जायचे म्हणजे खरोखरच बराच वेळ गाडी हाकावी लागे. मधे डोंगर, शेते, वस्त्या, पुन्हा समुद्र. पुष्कळ वेळ काहीच घडत नसे, आणि त्याच निवांतपणासाठी लोक आजही त्या खेळाची आठवण काढतात.

पुढे ईडन गेम्समधील काही मंडळींनी लियाँमध्येच आयव्हरी टॉवर ही कंपनी काढली. याच कंपनीने २०२३ मध्ये 'द क्रू मोटरफेस्ट' आणला, आणि तोही ओआहूवरच. मात्र या वेळी बेट आक्रसून घेतले. ज्वालामुखीचे कडे, जंगल, किनारा, शहर हे सारे हाताच्या अंतरावर. पाने ओली दिसतात, पाण्यात आभाळ दिसते. दर दोन-तीन मिनिटांनी नवा देखावा. आम्ही मुलांना दोन्ही खेळांचे चित्रीकरण शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. बहुतेकांना नवे बेट आवडले. एकीने मात्र विचारले, "सर, पहिल्यात तो माणूस दमल्यासारखा वाटतो. दुसऱ्यात पोचतोच लगेच. मग खरं बेट कोणतं?" प्रश्न नेमका होता. अंतर खरे ठेवले तर देखावे विरळ होतात. देखावे दाट केले तर अंतर खोटे होते. नकाशा काढणाऱ्याला दोहोंपैकी एक निवडावेच लागते, मग तो कागदावरचा असो की पडद्यावरचा.

सोलापूर जिल्ह्याएवढे मैदान

क्षेत्रफळाच्या मापात एक नाव अजून घेतले जाते. २००९ साली फ्रान्सच्याच बोर्दो येथील असोबो स्टुडिओने 'फ्युएल' हा खेळ बनवला. त्याचे मैदान १४,४०० चौरस किलोमीटर. त्या वेळी गिनीजच्या पुस्तकात त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही. म्हणून आम्ही फळ्यावर लिहिले : आपला सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटर. म्हणजे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत आणि बार्शीपासून सांगोल्यापर्यंत जेवढी जमीन, जवळपास तेवढी एका तबकडीत. गोव्याच्या जवळजवळ चौपट. हा प्रदेश चौरस धरला तर एक बाजू १२० किलोमीटर भरते.

हवामान बिघडून उजाड झालेली अमेरिका, अशी त्या खेळाची कल्पना. डोंगर, वाळवंट, कोरडे मिठाचे तळे, जळके रान, वर वादळे आणि चक्रीवाऱ्यांचे भोवरे. एवढी जमीन माणसांनी हाताने रंगवणे शक्यच नव्हते. संगणकाला नियम दिले, की उंची एवढी तर झाड असे, उतार एवढा तर खडक असा, आणि त्याने जमीन भरत नेली. नक्षीकामात एकच ठसा पुन्हा पुन्हा उमटवतात तसे. गाडी जिथे असेल तेवढाच भोवतालचा भाग यंत्र उघडते आणि मागचा मिटवते. त्यामुळे मैदान संपत नाही. पण तासभर हाकल्यावर ध्यानात येते की तोच खडक, तेच झाड, तोच पडका खांब पुन्हा भेटतो आहे.

आता आपला जिल्हा पाहा. परका माणूस रेल्वेतून पाहील तर म्हणेल, सगळे माळरान. पण मंगळवेढ्याची काळी जमीन आणि तिची ज्वारी, सांगोल्याची डाळिंबे, भीमेकाठचा ऊस, नान्नजचे गवताळ रान, उजनीच्या फुगवट्यावर उतरणारे रोहित पक्षी, सोलापुरातील मागांची खडखड, यांतील एकही दुसऱ्यासारखे नाही. वेगळेपण जमिनीच्या आकाराने येत नाही. त्या जमिनीवर पाणी, माती आणि माणसाचे हात यांनी जे केले असते त्याने येते. 'फ्युएल' बनवणाऱ्यांनी आकारावर भर दिला. गंमत म्हणजे याच असोबो कंपनीने पुढे २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी विमानांचा 'फ्लाइट सिम्युलेटर' केला, त्यात सारी पृथ्वीच मैदान आहे.

पाऊण तासात अमेरिका

तिसरे माप वेळेचे. २०१४ च्या 'द क्रू'मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा मुख्य भूभाग, एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत, पाच प्रदेशांत वाटून दिला होता. डेट्रॉइटमधून कथा सुरू होई. न्यूयॉर्क, मायामी, न्यू ऑर्लिन्स, शिकागो, लास वेगास, सॅन फ्रान्सिस्को अशी शहरे लागत. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जायला साधारण पाऊण तास. खऱ्या रस्त्याने न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हे अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर आहे. त्रैराशिक मांडा : त्याच हिशेबाने सोलापूर ते मुंबई चार मिनिटांत. चहा उकळेपर्यंत तुम्ही दादरला!

तरीही या आक्रसलेल्या अमेरिकेचा एक गुण मान्य करावा लागेल. बर्फाचे डोंगर उतरून लाल मातीच्या वाळवंटात, तेथून मक्याच्या शेतांत आणि मग दलदलीत शिरताना मधे पडदा काळा होत नसे. हवा कशी बदलत जाते, ते एका बैठकीत दिसे. आम्हाला इथे अल-इद्रीसी आठवला. सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्या पालेर्मो येथील दरबारात बसून या मुस्लिम भूगोलवेत्त्याने ११५४ साली जगाचे वर्णन आणि नकाशे पुरे केले. त्याने ज्ञात जगाचे सात इक्लीम, म्हणजे सात हवामानपट्टे केले, प्रत्येकाचे दहा भाग पाडले आणि ७० नकाशे काढले. दक्षिण वर, उत्तर खाली. त्यासाठी दूरदूरच्या प्रवाशांना विचारून माहिती गोळा केली जाई आणि अनेकांचे म्हणणे जुळे तेच घेतले जाई. इद्रीसीचे माप आजच्या मानाने चुकीचे निघेल. पण कोणत्या इक्लीममध्ये काय पिकते, लोक काय विकतात आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला किती मंजिला आहेत, हे त्याने लिहिले. शर्यतीच्या खेळात शेत दिसते. ते कोणाचे, हे दिसत नाही.

चार ऋतू, अकरा मुलूख

वैविध्याच्या बाबतीत इंग्लंडमधील प्लेग्राउंड गेम्सच्या 'फोर्झा होरायझन' मालिकेची चर्चा अधिक होते. २०१२ मध्ये अमेरिकेतील कोलोराडोपासून ती सुरू झाली. मग २०१४ मध्ये दक्षिण फ्रान्स आणि उत्तर इटली, २०१६ मध्ये ऑस्ट्रेलिया, २०१८ मध्ये ब्रिटन आणि २०२१ मध्ये मेक्सिको.

ब्रिटनच्या वेळी त्यांच्यापुढे अडचण होती. हिरवे डोंगर, दगडी भिंती, मेंढ्या, एडिनबरोच्या जुन्या गल्ल्या. सुंदर खरे, पण ऑस्ट्रेलियासारखे एकीकडे जंगल तर दुसरीकडे वाळवंट असे काही नाही. त्यांनी जागेऐवजी काळ बदलला. दर आठवड्याला सगळ्या नकाशाचा ऋतू पालटतो. उन्हाळ्यात जिथे तळे, तिथे हिवाळ्यात बर्फ गोठते आणि गाडी त्यावरून जाते. पानगळीत तोच रस्ता ओला आणि निसरडा. नकाशा तेवढाच, पण चार वेळा नवा. मुलांना आम्ही म्हटले, आपल्याकडेही मे महिन्यातील भीमा आणि ऑगस्टमधील भीमा ही एकच नदी वाटते का?

मेक्सिकोत उलट केले. तेथे नकाशाचे अकरा मुलूख पाडले : घळी, उष्ण किनारा, खडकाळ किनारा, शेती, पावसाळी जंगल, दलदल, कोरड्या टेकड्या, झुडपांचे वाळवंट, वाळूचे वाळवंट, ज्वालामुखी आणि ग्वानाह्वातो हे शहर. या रंगीत घरांच्या शहराखाली खरोखरच बोगद्यांतून रस्ते जातात. पूर्वी तेथून नदी वाहत असे. खेळातही ते बोगदे आहेत. आकाशाची छायाचित्रे मेक्सिकोत जाऊन टिपलेली आहेत. कोरड्या हंगामात धुळीची वादळे येतात, पावसाळी भागात वेगळी. तेओतिवाकानचे प्राचीन मनोरे आणि समुद्रकाठचे तुलुम यांच्यात खऱ्या मेक्सिकोत दीड हजारांहून अधिक किलोमीटर आहेत. खेळात काही मिनिटे.

वैविध्याला आम्ही पूर्ण गुण देतो. एक गोष्ट मात्र खटकते. ब्रिटनमध्ये शेताची दगडी भिंत आडवी आली की मुले सरळ तिच्यातून गाडी घालतात. भिंत बिस्किटासारखी फुटते, वर गुणही मिळतात. मेक्सिकोत निवडुंगाचे तेच. खऱ्या डोंगरावर चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेल्या या भिंती कितीएक पिढ्यांनी सांभाळलेल्या आहेत. शिवाय गाडीतून खाली उतरता येत नाही. चौकात थांबून पत्ता विचारता येत नाही, कोणी पाणी देत नाही, "कुठले पाहुणे?" म्हणून विचारत नाही. सफरीतील अर्धी सफर तीच असते.

ट्रकचालकाचा मुलगा

शर्यतीचा नसलेला, पण शेजारचा एक खेळ इथे सांगायलाच हवा. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा २०१२ चा 'युरो ट्रक सिम्युलेटर २'. यात युरोपभर मालवाहू ट्रक चालवायचा. रस्त्याचे प्रमाण १ : १९. म्हणजे एकोणीस किलोमीटरचा एक. त्याच मापाने खेळातील घड्याळही पळते, चालक दमतो आणि वेळेवर झोपला नाही तर डुलक्या घेऊ लागतो.

हे प्रमाण शिकवताना आम्ही मुलांना सोलापूर-हैदराबाद अंतर काढायला सांगितले. सुमारे ३१० किलोमीटर भागिले १९, म्हणजे साधारण १६. सगळ्यांनी उत्तर काढले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने वही मिटली आणि म्हणाला, "सर, माझे अब्बा त्याच रस्त्यावर ट्रक चालवतात. सोळा किलोमीटर असतं तर रोज घरी जेवायला आले असते." वर्ग गप्प झाला. मग त्यानेच समजावून सांगितले : कुठल्या टोलनाक्यावर रांग लागते, कुठल्या ढाब्यावर अब्बा झोपतात, पावसात कुठे रस्ता खचतो, आणि माल उतरवायला दिवस लागला तर ते तिसऱ्या दिवशी कसे येतात. जमिनीचे अंतर त्याच्या घरात कोणीतरी रोज मोजते. त्या तासाला प्रमाण आम्ही शिकवले नाही, त्याने शिकवले.

बुजलेला मुलूख

आता शेवटचे आणि पालकांच्या कामाचे. वर ज्या 'द क्रू'ची पाऊण तासाची अमेरिका सांगितली, ती कंपनीने २०२४ मध्ये बंद केली. तो खेळ एकट्याने खेळायचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असणे आवश्यक होते. डिसेंबर २०२३ मध्ये युबिसॉफ्टने त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले. ज्यांनी रोख पैसे मोजून तबकडी घेतली होती, त्यांच्या हाती तबकडी राहिली, रस्ते गेले. यानंतर 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम उभी राहिली. विकलेला खेळ बंद करताना तो चालू राहील अशी सोय ठेवा, ही तिची मागणी. युरोपीय संघाकडे करायच्या नागरिक-अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या २०२५ च्या जुलैपर्यंत झाल्या. युबिसॉफ्टनेही आपल्या पुढच्या दोन 'क्रू' खेळांना सर्व्हरविना चालण्याची सोय देऊ, असे २०२४ मध्ये जाहीर केले.

'फोर्झा होरायझन'चे ब्रिटन १५ डिसेंबर २०२४ पासून विकत मिळत नाही. गाड्यांच्या आणि गाण्यांच्या परवान्यांना मुदत असते, ती संपते. पण ज्यांच्याकडे तो आधीपासून आहे त्यांना खेळता येतो. दोन्हींतला फरक समजून घ्यावा. खेळ घेताना मुले नकाशा किती मोठा ते सांगतील. आपण एवढे विचारावे : इंटरनेट नसताना चालतो का? कंपनीने हात काढला तर उरतो का? घरखर्चातून बाजूला काढलेल्या पैशांनी आपण वस्तू घेतो आहोत की काही दिवसांचा प्रवेश, हे आधी कळलेले बरे.

एकीकडे ज्यांच्या घरी रेल्वेचा प्रवासही वर्षातून एकदा, मामाच्या लग्नापुरता होतो, अशी पुष्कळ मुले आमच्या वर्गात आहेत. त्यांना समुद्र, बर्फ, ज्वालामुखी पडद्यावर का होईना दिसतो. या आनंदाला आम्ही नाके मुरडणार नाही. त्याला एक काम जोडून द्यावे, इतकेच. आमच्या वर्गात ते असे चालते. ज्या मुलखात गाडी नेली, तो अ‍ॅटलासमध्ये शोधायचा. खेळातील वेळ आणि खरे अंतर शेजारी-शेजारी लिहायचे. तेथे काय पिकते, लोक काय खातात आणि कोणती भाषा बोलतात, हे तीन ओळींत, उर्दूत किंवा मराठीत.

मग दुसरे काम. आपल्या मोहल्ल्याचा नकाशा स्वतः पायी फिरून काढायचा, पावलांच्या मापाने. या वर्षी अठ्ठावीस नकाशे आले. कोणी मशिदीपासून सुरुवात केली, कोणी पाण्याच्या टाकीपासून, एकीने दादीजानच्या घरापासून. त्या ट्रकचालकाच्या मुलाच्या नकाशात गल्लीच्या तोंडाशी एक रिकामा चौकोन आहे आणि आत लिहिले आहे : 'अब्बांच्या ट्रकची जागा.'